प्यायचं नाही

सुलोचनाबाईचं नाक साधं नव्हतं. गावात शिरणाऱ्या सायकलच्या ट्यूबमध्ये हवा आहे की मोहाची दारू, हे ती ओसरीत तांदूळ निवडता निवडता सांगायची. एकदा म्हणे समुद्रपूरची एस.टी. फाट्यावर थांबायच्या आतच तिनं मागच्या सीटवरल्या माणसाचं नाव, गाव आणि तो काय पिऊन आला ते सांगून टाकलं. नावात थोडी चूक झाली. बाकी सगळं बरोबर निघालं.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे हे सगळ्यांना ठाऊक. बंदी म्हणजे दारू मिळत नाही असं नव्हे; ती दारूसारखी दिसत नाही, एवढंच. ती दुधाच्या कॅनमधून येते, फवारणीच्या पंपातून येते, एका वर्षी तर नवरदेवाच्या घोड्याच्या खोगिरातून आली होती. त्यामुळे इथल्या माणसाच्या हाडात एक शहाणपण मुरलं आहे: वस्तूवर जे लिहिलेलं असतं ते आत नसतं, आणि ‘हात लावू नका’ असं लिहिलं असेल तर आतला माल उत्तम असतो.

महिला दारूबंदी मंडळाची अध्यक्ष म्हणून सुलोचनाबाईनं नाकाच्या जोडीला जीभही पाजळून ठेवली होती. भट्टी फोडली की ती चावडीपुढं उभी राहून सांगे, “या दारूत बॅटरीचे सेल टाकतात. परवा पलीकडल्या तालुक्यात तिघं आंधळे झाले!” पुढच्या वेळी सेलच्या जागी युरिया येई, त्याच्या पुढच्या वेळी मेलेला साप. गावही बदलत जाई. ते तिघं आंधळे इतकी गावं फिरले, की डोळसाला तेवढं फिरता आलं नसतं. बायका भ्यायच्या, पुरुष मान हलवायचे आणि मनात म्हणायचे, बाई ज्याला विष म्हणते तोच माल चांगला.

तिचा नवरा हरिदास एकेकाळी रोज पिऊन यायचा. संध्याकाळी उंबऱ्यावरच सुलोचनाबाई त्याचं तोंड हुंगायची आणि मग घरात जे काही व्हायचं ते शेजारच्या कुत्र्यांनाही पाठ झालं होतं. लेक जागृतीला शाळेत घातलं त्या वर्षी हरिदासनं विहारात बुद्धमूर्तीपुढं हात जोडून दारू सोडली. त्याच जागी सुलोचनाबाईही म्हणाली, “मंग मीबी आजपासून तुमचं तोंड हुंगणार नाई.” पोरगी बी.एस्सी. होऊन लग्नाला आली, तरी दोघांनीही आपापला शब्द मोडला नव्हता.

तर हे जागृतीचं लग्न. कोरोनाचं पहिलं वर्ष, मे महिना. रस्ते बंद, नाक्यावर पोलीस, परवानगी मोजक्या माणसांची. तिच्यातही अट अशी, की मांडवाच्या दारात सॅनिटायझर हवं. आणि समुद्रपूरच्या मेडिकलमध्ये सॅनिटायझर सोडून सगळं होतं.

“त्यात काय एवढं, घरी करू,” जागृती म्हणाली.

नवरदेव रत्नदीप बोरगाव मेघेला राहायचा आणि एका छापखान्यात कामाला होता. तिथं मशीन पुसायला आयसोप्रोपिल नावाचं स्पिरिट वापरत. त्यानं भाजीच्या गाडीतून त्याची एक कॅन पाठवली. ग्लिसरीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मेडिकलमधून आलं. पाणी उकळून, झाकून, थंड केलं. जागृतीनं चूल विझवायला लावली, खिडक्या उघडल्या आणि मापानं मिसळायला घेतलं. तीन भागांहून जास्त स्पिरिट, बाकीचा एक भाग सगळं मिळून. घरभर असा वास सुटला की सुलोचनाबाई पदर नाकाला लावून अंगणात जाऊन बसली.

“माय वो! घरात भट्टी लावल्यावानी झालं. जन्मभर जे फोडलं तेच माह्या घरात!”

“आई, हे प्याचं नसते. विष हाय हे.”

“लाव चिठ्ठी मंग तशी.”

पण चिठ्ठी लावायची कशावर? पिचकारीच्या बाटल्या मिळेनात. आणि इथं सुलोचनाबाईच्या हातून जी चूक झाली ती वर्धा जिल्ह्यातल्या दारूबंदीच्या अध्यक्षाच्याच हातून होऊ शकते. कोठ्यात मंडळानं पकडलेल्या पव्व्याच्या रिकाम्या शिश्यांचं पोतं पडलं होतं. पुरावा म्हणून ठेवलेलं. पोलीस न्यायला येतो म्हणाले होते, आले नव्हते. तिनं त्या शिश्या राखेनं घासल्या, गरम पाण्यानं विसळल्या, उन्हात वाळवल्या. हरिदासनं कणकेची लई करून चिठ्ठ्या डकवल्या. जागृतीनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘सॅनिटायझर. प्यायचं नाही.’ काही दिवस ते तसंच बंद राहू द्यावं लागतं म्हणून ओसरीच्या भिंतीतल्या देवळीत शिश्यांची रांग लावून ठेवली.

दारूबंदीचा जिल्हा, पव्व्याची शिशी, आतून स्पिरिटचा वास, आणि वर लिहिलेलं ‘प्यायचं नाही’. याहून गोड आमंत्रण कोणत्या लग्नपत्रिकेत असतं?

लग्नाच्या आदल्या दिवशी भर दुपारी सुलोचनाबाई ओसरीत आली आणि देवळीकडं पाहतच राहिली. रांगेत मधोमध, पडलेल्या दाताची असते तशी खिंड.

“जागृती, तू उचलली का वो एक शिशी?”

जागृती हाताला मेंदी लावून बसली होती. ती तशीच हात वर करून बाहेर आली. खिंड पाहिली आणि शिश्या पुन्हा मोजल्या.

“आई, कोणी पेलं तर... अर्धा गिलासही लई होते. माणूस झोपते अन् श्वास बंद पडते. अन् आता गाडी कुठून आणशीन? नाक्यापलीकडं दवाखाना.”

“तुहे बाबा कुठं हायेत?”

जागृतीनं वावराच्या वाटेकडं पाहिलं. बाबा मांडवाला बांबू तोडून आणतो म्हणून वावरात गेले होते. कधीच यायला हवे होते. मोबाइल खुंटीवरल्या सदऱ्यात होता.

लेकीचं लग्न. बाप माणूस. इतक्या वर्षांची कोरडी जीभ, आणि घरात आठवडाभर हा वास. चिठ्ठ्या डकवताना तो एक शिशी नाकाजवळ नेऊन हसला होता, ते सुलोचनाबाईला आत्ता आठवलं. तिनं गोठा पाहिला, कोठा पाहिला, विहिरीत वाकून पाहिलं. हुंगायचा प्रयत्न केला. पण नाकात तोच वास इतके दिवस बसलेला. जिकडं मान वळवावी तिकडून स्पिरिट. ट्यूबातली दारू ओळखणारं नाक आज ऐन वेळी आंधळं झालं होतं. पलीकडल्या तालुक्यातले तिघं आणि हे चौथं.

मंडळातली रुख्माबाई धावत आली. “भोंग्यावर सांग बाई. घरोघरी फिरत बसशीन तं माणूस मरून जाईन.”

“भोंग्यावर सांगतलं का पाहुण्याइच्या गावापोतर जाईन. दारूबंदीच्या अध्यक्षाच्या घरून पव्वा चोरीले गेला म्हणून. लग्न मोडन.”

“अन् न सांगतलं तं?”

सुलोचनाबाईनं पायात चप्पलही घातली नाही. ग्रामपंचायतीच्या शिपायाकडून किल्ली घेतली आणि माइक हातात धरला.

“ऐका हो सारे! मी सुलोचना बोलून राह्यली. माह्या देवळीतून एक शिशी गेली हाय. ते हाताले लावाचं औषध हाय. दारू नाई. पेलं तं माणूस मरते. ज्यानं नेली त्यानं आणून द्या, नाव विचारणार नाई. माय शपथ, मरते माणूस!”

भोंगा थांबला. मग कडुनिंबाखालून मुकेशचा आवाज आला. हा मुकेश पानठेला चालवायचा आणि ठेला बंद असल्यामुळं जिभेवर चुना साठला होता.

“काकू, आंधळे किती झाले म्हन्ता? अन् कोणत्या गावचे?”

कडुनिंबाखाली हशा पिकला.

“मुकेश, लेका, आज मस्करी नाई. खरंच विष हाय.”

“हो न काकू. मागच्या पोळ्यालेबी खरंच होतं. आमी पेलो अन् रात्रभर मरून पडलो होतो, सकाळी उठलो.” मग तो बाकीच्यांकडं वळला. “काय समजलं का गड्याहो? बाई कधी भोंग्यावर आली होती का? लेकीच्या लग्नाचा स्पेशल माल असन. पहिल्या धारेचा. चाला, शोधून देऊ काकूले. गावाची सेवा!”

टाळेबंदीनं सुकलेले सात-आठ गडी टुणकन उठले. एक गोठ्याकडं, एक नाल्याकडं, एक सरळ सुलोचनाबाईच्या कोठ्याकडं. बघता बघता अर्धं गाव त्या एका शिशीमागं लागलं. सुलोचनाबाई पंचायतीच्या पायरीवर उभी राहून पाहत होती. तिनं तोंडातून काढलेला एकेक खरा शब्द त्या शिशीचं बूच सैल करत होता. ज्याच्याजवळ ती होती तो आता घाई करणार, कारण शोधणारे वाढले. घाई म्हणजे एका घोटात.

खरं बोलून भागत नव्हतं. मग काय उरतं? जे तिला उत्तम येत होतं ते.

ती पुन्हा आत गेली. माइक तोंडाजवळ धरला आणि आवाज एकदम पाडला, जसा मयतीच्या घरी पाडतात.

“ऐका. आता खरं सांगतो. मघाशी मी खोटं बोलली. लाज वाटत होती. त्या शिशीत औषधबी नाई अन् दारूबी नाई. नागपूरहून पायी आलेला एक माणूस परवा आमच्या गोठ्यात पाणी प्याले थांबला होता. लई खोकत होता. त्यानं गुळण्या करून थुंकलेलं पाणी हाय ते. तपासणीले न्याचं होतं म्हणून शिशीत भरून ठेवलं. सडू नये म्हणून स्पिरिट टाकलं, त्याचा वास येते. आत्ता फोन आला.” ती थांबली. भोंग्यातून नुसता तिचा श्वास गावभर गेला. “निघाला.”

काय निघाला ते तिनं सांगितलं नाही. गावानं ते आपापल्या पोटात पूर्ण केलं.

नाल्याकडं गेलेले गडी नाल्यातच उतरून कोपरापर्यंत हात धुऊ लागले. कोठ्यात शिरलेला मुकेश बाहेर आला तो दोन्ही हात अंगापासून लांब धरून, जसे काही ते हात कोणाकडून उसने आणले होते. कुठं दार लागलं, कुठं खिडकी लागली. आणि त्या शांततेत गावाच्या वरच्या अंगाला, अण्णाजींच्या गोठ्यातून अशी आरोळी उठली की झाडावरचे बगळे उडाले.

“मेलो रे बाप्पा!”

अण्णाजी म्हणजे तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. दारूबंदीच्या प्रत्येक सभेत नारळ त्यांच्या हातचा आणि भाषणही त्यांचंच. ते धोतराचा सोगा सावरत, एक हात लांब करून पळत आले. त्या हातात चिमटीत धरलेली शिशी होती. ‘प्यायचं नाही’ अशी चिठ्ठी तिच्यावर घामानं ओली झाली होती. सकाळी मांडवाची पाहणी करायला म्हणून ते आले होते, तेव्हाच ती त्यांच्या कोटाच्या खिशात गेली होती.

“दूर! दूर उभे राहा,” जागृती ओरडली. मेंदीच्या हातांनी ती धावत आली होती. “अण्णाजी, पेले का तुमी? खरं सांगा!”

“नाई वो पोरी! तोंडाले नाई लावली! आमच्या घरचीनं भज्याचं पीठ भिजवलं होतं. मी भज्याची वाट पाहत होतो. चखन्याबिगर मी कधी... म्हणजे मी कधी पेतच नाई!”

बायकोचा आळस कोणाला कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. अण्णाजींच्या घरी कढई तापायला तेव्हा नेहमीसारखा उशीर झाला नसता, तर अण्णाजींच्या तेरवीची पंगत बसली असती.

सुलोचनाबाईनं पदरानं धरून शिशी घेतली आणि उन्हात वर केली. तिचा हात तसाच थांबला.

“भरून ठेवली होती. वरचं कुठं गेलं?”

अण्णाजी धोतराचा सोगा सारखा करू लागले.

“अण्णाजी, वरचं कुठं गेलं?”

“हरिदासले देल्लं,” अण्णाजी पुटपुटले. “वावराच्या वाटेनं जात होतो. त्यानं खिशाकडं पायलं. म्हटलं, थोडं त्यालेबी द्यावं म्हणजे तो घरी सांगणार नाई. त्याच्या पाण्याच्या कॅनीचं झाकण भरून देल्लं.”

वावर गावाच्या दुसऱ्या अंगाला होतं. भोंग्याचं तोंड तिकडं नव्हतं. तिनं बोललेलं खरंही तिकडं गेलं नव्हतं आणि खोटंही.

सुलोचनाबाई पळाली. मागून जागृती फोन कानाला लावून, रुख्माबाई पाण्याचा तांब्या घेऊन. पण ती दोघींनाही सापडेना. त्या दिवशी ज्यांनी पाहिलं ते सांगतात की तिची सावली तिच्या मागं बरीच राहिली होती. नांगरून पडलेली काळी ढेकळं तापून विस्तवासारखी, धुऱ्याच्या बांधावर कपाशीच्या पऱ्हाटीचे उपटलेले खुंट, बाभळीचे काटे. तिला काही टोचलं नाही. एकच चित्र डोळ्यांपुढं होतं. झाकण भरून. लेकीच्या लग्नाचा आनंद म्हणून. एका घोटात.

बांबूच्या बेटाजवळ आंब्याखाली हरिदास पडला होता. तोंडावर दुपट्टा. एक हात छातीवर, एक मातीत. उशाशी कॅन आणि कॅनीजवळ उलटं पडलेलं झाकण. कोरडं.

“अवो!”

हरिदास हलला नाही.

“अवो, जागृतीचे बाबा!”

तिनं दुपट्टा ओढला. त्याचं तोंड अर्धवट उघडं होतं. सुलोचनाबाई मातीत गुडघे टेकून बसली आणि इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. नाक त्याच्या तोंडाशी नेलं.

कांदा. ज्वारीची भाकर. तंबाखूचा खर्रा. आणखी काही नाही.

पण त्या नाकावर विश्वास ठेवायचा कसा? आठवडाभर त्या वासात कुजलेलं नाक ते. तिनं पुन्हा हुंगलं, पुन्हा कांदा. मग छातीवरचा त्याचा हात उचलून तिनं नाकाशी धरला, आणि वास असा आला की तिच्या डोळ्यांतून पाणी निघालं. स्पिरिट. तळव्याला, बोटांच्या बेचक्यांत, पार मनगटापर्यंत. म्हणजे नाक शाबूत होतं. हातावर होतं ते तोंडात नव्हतं.

“काय करून राह्यली वो?” हरिदासनं डोळे उघडले. “माणसाले घटकाभर झोपू तं दे. बांबू तोडून कंबर गेली.”

“झाकणातलं... झाकणातलं काय केलं तुमी?”

“ते? अण्णाजी आले होते. झाकणात ओतलं अन् म्हन्ते, घे हरिदास, तुह्याच घरचं हाय, बायकोले सांगू नको. वासानंच ओळखलं म्या आपलं सॅनिटायझर. म्हटलं, तंटामुक्तीचा अध्यक्ष वावरावावरात फिरून लोकाइचे हात साफ करून राह्यला, केवढी समाजसेवा! चोळलं हाताले. उरलं ते कोयत्याले लावलं. बायकोले काऊन नको सांगू म्हणे ते काई समजलं नाई.”

सुलोचनाबाई हसायला गेली आणि तिला हुंदका आला. हरिदास उठून बसला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, तिच्या अनवाणी रक्ताळलेल्या पायांकडं पाहिलं, मग तिच्या हातातल्या आपल्या हाताकडं.

“तू माह्यं तोंड हुंगलं,” तो म्हणाला.

तीन आंधळ्यांना गावोगाव फिरवणारी सुलोचनाबाई. पण त्या वेळी तिच्या जिभेवर एकही गाव आलं नाही.

“हो,” ती म्हणाली.

हरिदासनं कोयत्याचं पातं दुपट्ट्यानं पुसलं. रुख्माबाई आणि जागृती धुऱ्यावर येऊन थांबल्या, पुढं आल्या नाहीत.

“कशाचा आला?”

“कांद्याचा. अन् खर्र्याचा.”

“खर्र्याचं पोरीले नको सांगजो. सोडला म्हणून सांगतलं हाय तिले.” त्यानं पायातल्या चपला काढून तिच्यापुढं सरकवल्या, बांबूची मोळी खांद्यावर घेतली आणि अनवाणीच पुढं चालू लागला.

सुलोचनाबाईनं त्या दिवशी तिसऱ्यांदा भोंग्यावर जाऊन सांगितलं, की नागपूरचा माणूस नव्हता, गुळण्या नव्हत्या, काही निघालं नव्हतं. गावानं ऐकून घेतलं आणि तरी अण्णाजींना विलगीकरण म्हणून शाळेच्या खोलीत कोंडलं. ते खिडकीतून ओरडत होते, की अरे, ते नुसतं सॅनिटायझर होतं. मुकेश बाहेरून म्हणाला, “हो जी, ‘प्यायचं नाही’ वालं.” भजी मात्र दुसऱ्या दिवशी वेळेवर तळून आली, काठीच्या टोकाला बांधून आत गेली.

लग्नाच्या सकाळी मांडवाच्या दारात त्याच शिश्या मांडल्या होत्या, आणि त्यांच्यापुढं पांढऱ्या कपड्यातली पाहुणे मंडळी उन्हात खोळंबली होती. गुळण्यांची बातमी सगळ्यांच्या आधी पोचलेली. नवरदेवाचा मामा हात पाठीमागं बांधून उभा. गावचे लोक त्याच्याही मागं. खुद्द रत्नदीपनं, ज्याच्या छापखान्यातून ते स्पिरिट आलं होतं, त्यानंसुद्धा एक पाऊल मागं घेतलं. दारात अट पाळली जाते की नाही ते बघायला तलाठी टपून बसलेला. बौद्ध पद्धतीचं लग्न, म्हणून मुहूर्ताचा प्रश्न नव्हता, पण परवानगीच्या वेळेचा होता. हात लावल्याशिवाय आत जायचं नाही आणि हात लावायला कोणी तयार नाही. जागृती पांढऱ्या लुगड्यात आतून पाहत होती.

“औषध हाय हो साधं,” सुलोचनाबाई म्हणाली. “खरं सांगतो.”

‘खरं सांगतो’ ऐकून आणखी दोघं मागं सरकले.

तेवढ्यात हरिदास पुढं आला. त्यानं एक शिशी उघडली, तळव्यावर ओतून घेतलं, खसाखसा चोळलं. आणि सगळ्या पाहुण्यांदेखत, सगळ्या गावादेखत दोन्ही तळवे बायकोच्या नाकापुढं धरले.

“घे. हुंग.”

सुलोचनाबाईनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तो हसत नव्हता, पण मिशी हलत होती. तिनं नाक खाली नेलं आणि हुंगलं; गरज होती त्याहून बराच वेळ हुंगलं.

“कशाचा येते? सांग साऱ्याइले,” हरिदास म्हणाला.

तिनं मान वर केली. अख्ख्या तालुक्यात ज्या नाकाला मान होता ते नाक उंच करून ती गरजली, “पहिल्या धारेचा!”

मग सगळ्यांच्या आधी मुकेशची ओंजळ पुढं आली. तिच्यामागं नवरदेवाच्या मामाची, तिच्यामागं एकेक करून साऱ्यांची.

“ओंजळ नाई, तळवा! तळवा पसरा!” आतून जागृती ओरडली. सुलोचनाबाई शिशी घेऊन दारात उभी राहिली आणि प्रत्येकाचा हात हातावरच चोळला जातो की तोंडाकडं जातो, ते मामापासून तलाठ्यापर्यंत एकेकाच्या पाठीत बोट खुपसून पाहत राहिली.